दुपारची खुर्ची

(जुन्या हाउसबोटीतली एकुलती एक खोली. भर दुपार. आत तिघं : बोट घ्यायला आलेला नवरा, त्याची बायको आणि बोटीचा मालक. दार बंद.)

नवरा : ...म्हणूनच मी म्हणतो, ज्याला खरं स्वातंत्र्य हवं आहे, त्यानं आधी जमिनीशी असलेलं नातं तोडलं पाहिजे.

बायको : आधी दार तोडा.

मालक : दार तोडायचं नाही, ताई. बोटीत मूळचं असं तेवढंच राहिलंय.

नवरा : कडी माझ्या हातात आली.

मालक : येते. तिथे खिळा आहे बघा, त्याला अडकवून ठेवा. संध्याकाळी बसवू.

बायको : संध्याकाळी?

मालक : पाणी आलं की. मी तुम्हाला सकाळी या म्हटलं होतं. मी बोट सकाळीच दाखवतो.

बायको : सकाळीच निघालो होतो. हे पुलावरची पाटी वाचत थांबले. उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं ते.

मालक : कोणाच्या?

नवरा : नाव पुसलं गेलंय. म्हणून तर वेळ लागला.

बायको : काका, पाण्याचा आणि दाराचा काय संबंध?

मालक : सोपं आहे. वरच्या अंगाला पाणी अडवायचं गेट आहे. दुपारी गेटवाला ते पाडतो आणि पाणी कारखान्याकडे वळवतो. इथलं पाणी गुडघाभर उतरतं, बोट गाळात बसते आणि डावीकडे कलते. बोट कलली की चौकट तिरकी होते. चौकट तिरकी, दार सरळ. मग दोघांचं जमत नाही. संध्याकाळी गेट उचललं, बोट तरंगली, की दार आपलं आपण उघडतं. अगदी शहाण्यासारखं.

नवरा : हे जाहिरातीत नव्हतं.

मालक : जाहिरातीत ‘निवांत दुपार’ असं होतं.

नवरा : मला वाटलं, ते परिसराचं वर्णन आहे.

बायको : खिडकीतून जाता येईल का?

मालक : मांजर जातं. तेही उपाशी असलं तर.

नवरा : वर छताला झाकण असतं. अशा बोटींना असतंच, मी वाचलंय.

मालक : होतं. गळायचं, म्हणून कायमचं बंद केलं. साहेब, तुम्ही त्या खुर्चीवरून उठा, घसराल. ती सकाळची खुर्ची आहे.

नवरा : सकाळची म्हणजे?

मालक : तिचे चारी पाय सारखे आहेत. मी बसलोय ती दुपारची. हिचे डावे पाय मी लांब केलेत. सकाळी हिच्यावर बसलं तर माणूस उजवीकडे पडतो. ताई, तुम्ही इथे बसा, मी पलंगावर टेकतो.

बायको : पलंगाखाली विटा आहेत त्या दुपारच्या का?

मालक : त्या कायमच्या. रात्री डोकं जरा वर राहतं, एवढंच. डॉक्टर म्हणतात, ते चांगलंच असतं.

नवरा : सगळ्यावर एक सरळ उपाय आहे. बोट इथून हलवायची. खोल पाण्यात न्यायची. नौकेचा अर्थच मुळी गती.

मालक : इंजिन नाही.

नवरा : नाही?

मालक : होतं. काढलं आणि त्या जागी कपाट केलं. प्रशस्त आहे. बघा ना उघडून. वंगणाचा वास येतो थोडा, पण कपड्यांना कसर लागत नाही.

नवरा : मग ओढून नेऊ. दुसरी बोट लावून.

मालक : पूल आडवा येतो. बोट आधीची, पूल नंतरचा, तोही बुटका. आता ही खालून जात नाही.

नवरा : म्हणजे ही बोट इथून बाहेर काढताच येत नाही?

मालक : येते की. पूल काढला तर येते.

बायको : तुमचं ते स्वातंत्र्याचं पुढे काय होतं?

नवरा : तू थट्टा करू नकोस. मी ग्रंथालयातली बोटींवरची सगळी पुस्तकं वाचलीत.

बायको : ग्रंथपाल तुम्हीच. दुसरं कोणी वाचत नाही, म्हणून तुम्हाला मिळाली. आणि पोहायला येतं का तुम्हाला?

नवरा : त्यावरचं पुस्तक बाहेर गेलंय.

मालक : गुडघाभर पाणी आहे हो. बुडायचं म्हटलं तर बसावं लागेल.

बायको : काका, ही भिंत मघापासून वाजवून बघतेय. वरून रंग ताजा आहे आणि आत पोकळ लागतंय. कीड न काढता वरून दात भरल्यासारखं.

मालक : ताई काय करतात?

बायको : दातांच्या दवाखान्यात असते. डॉक्टर ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणतात तेव्हा मी शेजारी नळी धरून उभी असते. चेहरा सरळ ठेवून.

मालक : मग तुमच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. तिथे फळी कुजली होती. आतून पत्रा मारलाय. पाणी येत नाही, आवाज तेवढा येतो.

बायको : आणि तुम्ही? बोटीवरच असायचा का आधीपासून?

मालक : छे. लिफ्ट दुरुस्तीत हयात गेली. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम. आमचा पहिला नियम, आतल्या माणसाशी बोलत राहायचं. विषय कुठलाही चालेल, फक्त लिफ्टचा नको.

नवरा : म्हणून मघाशी तुम्ही एकाएकी हवामानावर गेलात.

मालक : सवय हो. तुमचा आवाज चढला होता.

बायको : एकटेच राहता?

मालक : आता एकटाच. बायको होती. एकदा दुपारच्या आधी साबण आणायला गेली आणि यायला उशीर झाला. इथे कसं आहे, आत असलात तर आत, बाहेर असलात तर बाहेर. दार उघडेपर्यंत तिला बाहेरची सवय झाली. आता मुलीकडे असते.

बायको : आणि तुम्ही तिकडेच चाललात?

मालक : मुलीनं बोलावलंय. बायकोनं बोलावलेलं नाही, पण हरकतही घेतलेली नाही. मी ते होकारात धरलंय.

नवरा : माझा फोन का लागत नाही? दादा वाट बघत असेल.

मालक : इथे रेंज नाही. काठ वर, बोट खाली. दुपारी तर आणखी खाली.

नवरा : पण दादाला कळवायला हवं.

बायको : काय कळवायचंय? बोट बघतोय, एवढंच ना?

नवरा : हो, तसंच काहीसं.

मालक : त्यांना म्हणावं, कपाटाची रुंदी मी सांगितली त्यापेक्षा चार बोटं जास्तच भरेल. मी मापताना दार धरलं नव्हतं.

बायको : कोणाला म्हणावं?

मालक : यांच्या दादांना. परवा मी काठावर असताना फोन आला होता. फार बारकाईनं विचारत होते. भला माणूस.

बायको : दादांना इथल्या कपाटाची रुंदी कशाला हवी?

नवरा : काका, त्या हवामानाचं तुम्ही काय सांगत होता?

बायको : मी तुम्हाला विचारलं.

नवरा : हे बघ. पैसे थोडे कमी पडत होते. एवढ्या पैशांत गावात खोली सोड, खोलीचं दारसुद्धा मिळत नाही. ही एकच गोष्ट आपल्या आवाक्यात होती. तीही पुरती नव्हती.

बायको : मी घरून निघताना विचारलं होतं, पैसे आपलेच ना? तुम्ही म्हणालात, आपलेच.

नवरा : दादाही आपलाच आहे.

बायको : किती?

नवरा : तिसरा हिस्सा. पण त्यानं परत मागणार नाही म्हणून सांगितलंय. उलट एका शब्दात दिले. म्हणाला, आपल्याला काय, दुपारी दुकान बंद असतं, दुपारची झोप पाण्यावर काढू.

बायको : रोज?

नवरा : रोजच असं नाही म्हणाला. दुकान बंद असेल तेव्हा, म्हणाला.

बायको : दुकान दुपारी रोज बंद असतं. आणि वहिनी?

नवरा : ती त्याला सोबत. तिचं ते कपाटही इथेच ठेवावं म्हणते. नाहीतरी आपल्याच खोलीत असतं. तिला चुकल्यासारखं व्हायला नको.

मालक : हवा यंदा जरा कोंदटच आहे, नाही?

बायको : काका, तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. आम्ही यांच्या दादांकडे राहतो, मागच्या खोलीत. दवाखाना सकाळी आणि संध्याकाळी असतो. दुपार तेवढी माझी. खोलीला दार आहे, पण कडी नाही. दादा म्हणतात, घरातल्या घरात कडी कशाला? आणि वहिनींचं कपाट आमच्या खोलीत. मी आडवी झाले की त्यांना कपाटातलं काहीतरी लागतं. कधी दोरा, कधी जुनी चादर. एकदा छत्री काढायला आल्या. बाहेर कडकडीत ऊन होतं.

नवरा : ती मनानं वाईट नाही.

बायको : नाहीच. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. येतात, माझी चादर नीट करतात आणि म्हणतात, ‘तू नीज गं, मी नाहीच असं समज.’ लग्न झाल्यापासून मी दुपारी डोळे मिटून पडते. झोप लागलेली नाही.

नवरा : हे तू मला कधी बोलली नाहीस.

बायको : बोलणार कुठे? भिंत प्लायवूडची आहे.

नवरा : मग नको घ्यायला. जाऊन सांगतो दादाला, बोट पसंत पडली नाही.

बायको : आणि राहायचं कुठे? काल आपला पलंग तुम्ही पॅसेजमध्ये का नेलात?

नवरा : ते... दादा म्हणाला, खोली मोकळी होतेच आहे तर सुताराला बोलावून घेतो. त्याला मागे गोदाम हवं होतं. सुतार आज सकाळी येणार होता. लगेच मिळाला म्हणे.

बायको : म्हणजे आत्ता ती भिंत नाही.

नवरा : बहुधा नसावी.

मालक : चहा ठेवू का? दुपारी स्टोव्ह पेटवताना भांडं धरून बसावं लागतं, पण होतो.

बायको : राहू दे, काका. मला आधी एक नीट सांगा. हे दार आतून उघडत नाही हे कळलं. बाहेरून?

मालक : कोणाचा बाप आला तरी नाही. आता लपवत नाही, मागे एकदा दोन पोलीस आले होते, चुकीच्या पत्त्यावर. खांदा लावून दमले आणि काठावर जाऊन बसले.

बायको : हाक मारली तर ऐकू येते?

मालक : नीट नाही. काठावरून कोणीतरी काहीतरी म्हणतंय, एवढंच कळतं.

बायको : रोज असंच होतं?

मालक : रोज. रविवारीसुद्धा. गेटवाला आजारी पडला तर त्याचा मेव्हणा येतो. खाडा नाही, ताई. मी काय म्हणतो, चौकट बदलून घेता येईल, एक ओळखीचा माणूस आहे...

बायको : चौकटीला हात लावायचा नाही.

नवरा : अगं, पण रोज दुपारी कोंडून घ्यायचं?

बायको : आपण इथे किती वेळ आहोत?

नवरा : चांगला दीड-दोन तास झाला असेल.

बायको : तेवढ्या वेळात मला कोणी काही मागितलं नाही. तुम्हाला कळलं का? मला आत्ताच कळलं. संध्याकाळी दवाखाना उघडायच्या आत पाणी येतं ना, काका?

मालक : आरामात. दिवे लागायच्या आत.

बायको : मग घेऊ या. हे पाकीट ठेवा. विसार.

मालक : ताई, विसार परत मिळत नाही, हे मी आधीच सांगतो. सगळ्यांना सांगतो.

बायको : परत मागायला कोण येतंय?

नवरा : एकदा विचार तरी कर. हे रागाच्या भरात नको.

बायको : दवाखान्यात रोज बघते मी. माणूस ज्या दाताला नावं ठेवतो, त्याच बाजूनं जेवतो. दादांना म्हणावं, आनंदानं या. दुपारी या म्हणावं. दुपारीच या.

नवरा : पण दुपारी तर...

बायको : हो.

नवरा : दादानं पैसे दिलेत. त्याला काठावर उभं ठेवायचं?

बायको : उभं कशाला? सकाळची खुर्ची बाहेर ठेवू. काठ सपाट आहे.

मालक : (उन्हं कलल्यावर) ऐकलंत? फळीवरचे डबे वाजले ना? पाणी आलं. आता कोणी उठू नका, एकेकदा झोका देते. ...हं. बघा, ताई. नुसतं बोट लावा.

बायको : उघडलं.

मालक : म्हटलं नव्हतं? अगदी शहाण्यासारखं. जपून, फळी ओली आहे. साहेब, आता काठावर गेलात की फोन लागेल.

नवरा : सात कॉल येऊन गेलेत. सगळे वहिनीचे.

बायको : लावा आणि सांगा, घेतली म्हणून. मजेत सांगा.

मालक : ताई, तुम्हाला एक सांगतो. आजवर चार गिऱ्हाइकं दुपारची अडकली. चौघांनीही दारावरून मला नको नको ते बोल लावले. तुम्ही तक्रारीचा एक शब्द काढला नाहीत. म्हणून आता सांगतो. आधी सांगितलं असतं तर वाटलं असतं, बोट गळ्यात मारायला थापा मारतोय.

बायको : काय ते?

मालक : तिकडे काठावर ताडपत्री दिसते ना, तिच्याखाली नवीन गेट आहे. मोटारीचं. कारखान्याला वेगळा पाइप टाकून झालाय. सोमवारपासून इथलं पाणी बोटभरसुद्धा उतरणार नाही.

नवरा : मग दाराचं काय?

मालक : दाराचं काय, दिवसभर उघडेल. बाहेरूनसुद्धा.