तांदळाला टरफल आलं तेव्हा

धाकट्या भावाचं पत्र संघपाल गुरुजींच्या पिशवीत तीन वर्षं पडून होतं. ‘दादा, हुरड्याला ये.’ शेताच्या वाटणीत विहीर भावाकडे गेली, हे गुरुजींना सलत होतं. उत्तर राहूनच गेलं.

तामसीच्या थांब्यावर त्यांच्यामागे विहारातून आलेल्या दोघी बोलत होत्या.

“चंपाबाई, भंतेजी काय सांगत होते व? माहा डोळा लागला.”

“पह्यले तांदूळ आपोआप पिके म्हने. टरफल नाई, निंदन नाई. संध्याकाळी कापला का सकाळी पुन्हा उभा.”

“मंग बिघडलं कुठं?”

“एकानं दोन दिवसाचा एकदमच नेला. शेजाऱ्याच्या पोटात दुखलं, त्यानं चार दिवसाचा नेला. मंग टरफल आलं, वावरावावरात बांधाचे धुरे पडले, भांडनं लागले.”

“पह्यल्याचीच चूक.”

“काऊन? दुसरा का उपाशी होता, प्रीती?”

“तुमी त माहा नवा मिक्सर पाहून तीन दिवस बोलल्या नाई!”

“म्हनूनच सांगून राह्यली न व.”

बस आली, दोघी चढल्या. गुरुजी मात्र पोस्टाकडे वळले. पहिल्या कार्डावर ‘आपल्या विहिरीवर’ लिहिलं आणि ते फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, ‘तुझ्या विहिरीवर हुरड्याला येतो,’ आणि पुन्हा न वाचता ते पेटीत टाकलं.