अप्पांनी दिलेली साक्ष

माझी पहिली मोठी मॅच मी कशी जिंकले, ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. निजामाच्या काळातली गोष्ट आहे, मी सतरा वर्षांची होते. गुलबर्ग्याच्या क्लबात जी जिंकेल ती हैदराबादला खेळायला जाणार होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, टेनिसला साफ नाही म्हटलं होतं. म्हणून मी फक्त आईला सांगून गुपचूप गेले. समोर तहसीलदारांची मुलगी होती.

शेवटी मला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. मी जीव खाऊन चेंडू मारला, तो रेषेजवळ पडला आणि नुसती धूळ उडाली. पंच होते एक वकीलसाहेब. ते गोंधळले आणि त्यांनी बघणाऱ्यांनाच विचारलं, "किसने देखा? अंदर था?"

कुंपणाजवळून आवाज आला, "न्हाई. बोटभर भाईर पडला."

आवाज अप्पांचा होता! ते कधी येऊन उभे राहिले होते, कोण जाणे. पॉइंट गेला आणि बरोबरी झाली; आता जिंकायला लागोपाठ दोन पॉइंट हवे होते. मग मात्र मला असा राग आला, की पुढच्या दोन्ही चेंडूंना त्या मुलीला रॅकेटसुद्धा लावता आली नाही. मी जिंकले.

तशीच धापा टाकत मी कुंपणापाशी गेले. "अप्पा, स्वतःच्या पोरीच्या विरुद्ध कामून बोललाव?"

"भाईर पडला तर भाईरच म्हणणार की," अप्पा म्हणाले. "हैदराबादला बी मी येणार. तिथं आत पाड."