मेंढरांनी पेरलेलं रान

आमचं मूळ कुठलं म्हणाल तर चिकलठाण्याच्या अलीकडचा हाच माळ. आता भवती भिंत हाय, तिकिटाची खिडकी हाय, सकाळी पळणाऱ्यांसाठी लाल वाट हाय, पण आबा, म्हंजी माझा बाप, सांगायचा की निजामाच्या काळी हे घोड्यांच्या गवतासाठी राखलेलं रान व्हतं, पुढं घोडे गेले, गायरान उरलं, आन् आमची मेंढरं त्यात शिरली ती दोन-तीन पिढ्या तिथंच. झाडं म्हणाल तर तवा ओढ्याकाठी चार बाभळी. मग येवढी झाडी कुणी लावली, असं शिकलेली माणसं इचारतात. कुणीच नाय. आबा आकडीनं शेंगा पाडायचा, मेंढरं खायची, बी लेंडीतून माळभर पडायचं, पावसात उगवायचं. असं जंगल झालं, आन् जंगल दिसलं म्हणून वरच्यांना बाग सुचली.

मला मेंढरांमागं फिरायची लाज वाटायची. बागेत रखवालदाराची नोकरी लागली, खाकी कपडे मिळाले, ते येवढे ढगळ की आत अजून एक रखवालदार मावला असता, पण काय सांगू तुम्हाला, गळ्यात शिट्टी आली आन् मी स्वतःला फौजदार समजायला लागलो.

पहिलाच उन्हाळा. भिंत अर्धीच, भाईर चाऱ्याची काडी नाय, आबा रोज मेंढरं आत आणायचा आन् मी पाठ करून बिडी ओढायचो. एक दिवस नेमका साहेब शेजारी उभा. कोण हाय रे तो, त्यानं इचारलं. बाप हाय माझा, पाऊस पडंस्तवर सोडा, येवढंच म्हणायचं व्हतं. तोंडातून निघालं, असंल कुणी धनगर. आन् शिट्टी मारत धावलो, ओ म्हातारबा, मेंढरं भाईर काढा. आबानं माझ्याकडं पाहिलं, साहेबाकडं पाहिलं, काठी काखेत मारली. व्हय साहेब, काढतो, म्हणाला.

आठवड्यात त्यानं सिल्लोडच्या बाजारात सगळी मेंढरं इकली. तवापासून घरातबी मला साहेबच म्हणतो. साहेब, जेवून घ्या. बायको आधी हसायची, आता ताट ठेवून आत जाते.

यंदा नवा साहेब आला, बरा माणूस. म्हणाला, म्हाताऱ्या बाभळी वाळत चालल्यात, खाली एक रोप नाय, पिशवीत बी लावलं तरी धड उगवंना. मी म्हणालो, ते मेंढराच्या पोटातून जावं लागतं. तो खूश झाला, म्हणाला, मग एखादा जाणता मेंढरंवाला बघ.

जाणता तर घरातच. सांजच्याला म्हणालो, आबा, देवगाव रंगारीहून मामाची मेंढरं आणतो, तू नुसता पुढं चाल. तो भाकरी कुस्करत व्हता. मान वर न करता म्हणाला, मला नका नेऊ साहेब, मी असंल कुणी धनगर.

म्हंजी त्यानं ते ऐकलं व्हतं. येवढी वर्षं मला वाटायचं, राग शिट्टीचा हाय.

मेंढरंवाला मिळंना, असं सांगून टाकलं साहेबाला. तुम्ही या बागेत, लेकराबाळांना घेऊन या, सुखानं फिरा, सावली हाय तवर.