अर्थशास्त्राच्या पेपरातले बोंबील

डहाणू स्टँडवर झाईच्या बसचा अजून पत्ता नव्हता. घोलवडच्या बाजाराला निघालेली सोनूबाई सुक्या बोंबलांची पाटी पायाशी घेऊन बसली होती, आणि मागच्या बाकावर कॉलेजातल्या दोन अनोळखी मुलींची तोंडं चालू होती.

“निलम, त्या अर्थशास्त्राच्या सरांनी माझा पेपर तिसऱ्यांदा परत दिला गं!”

“आता काय खुपलं त्यांना?”

“मी लिहिलं, माल जास्त आला की भाव पडतो. पुस्तकात आहे तसंच्या तसं.”

“मग?”

“मला वर्गात उभी केली. म्हणे, ‘रूपल, तुझी आई मासळी विकते ना? बोंबील उदंड आले की मातीमोलाने देऊन टाकते का?’”

“काय सांगितलंस?”

“नाही म्हटलं. वाळत घालते आणि पावसाळ्यात विकते.”

“बरोबरच आहे की!”

“तर म्हणतात, ‘मग हे का नाही लिहिलंस? पोपट आहेस का?’ डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. म्हणे, एक दिवस आईशेजारी बाजारात बस आणि बघशील ते लिहून आण.”

“बसलीस?”

“वेड लागलंय का? अंगाला वास लागतो. दिलं मॉलचं उदाहरण ठोकून.”

“मॉलमध्ये कधी गेलीस तू?”

“सरांना काय कळतंय!”

बस आली. सोनूबाईने पाटी डोक्यावर घेतली आणि मागे वळली.

“पोरी, तुझ्या सरांना सांग, माझ्याशेजारी येऊन बसा. तुला तेवढी आणू नका म्हणावं. माझ्या बोंबलांना वास लागेल.”