डाव्या अंगाचं अक्षर

मंडळीनू, पाद्रीबाब, मारीमावशी,

ह्या शाळेच्या पडवीत एवढी माणसं मी कधी बघितली नाहीत. मला बोलायला उभं केलंय, पण माझी चौथीसुद्धा अर्धीच राहिली. मी एका जागी टिकणारा माणूस नव्हे. कधी बांद्याच्या बाजारात हमाली, कधी ट्रकवर क्लीनर. आंबोलीच्या घाटात तर पाऊस असा मारायचा की ट्रकच्या फळीवरचा रंग... नको, ते राहू दे. पास्कू मेस्त्रींबद्दल बोलायचंय.

मेस्त्री गेले. परवा आपण त्यांना माती दिली. बाहेरचे म्हणतील, होड्यांवर नावं लिहिणारा एक रंगारी गेला. एवढंच का?

तरुणपणी मेस्त्री गोव्यातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छापायची शिशाची अक्षरं, जुळवायचे. तिथे त्यांनी रोमी लिपीतलं एक नवं अक्षर बघितलं. टोकांना शेपट्या नाहीत. रेघ सगळी एका जाडीची. आणि अख्खं अक्षर पुढे झुकलेलं, वाऱ्यात चालणाऱ्या माणसासारखं. मी त्यांच्या हाताखाली रंग कालवायचो, तेव्हा मेस्त्री मला म्हणायचे, "आमच्या अक्षराक कोणी असा चालवल्यान नाय रे. मी चालवतलंय."

हौस नव्हती ती. बोरूच्या वळणाचं जाड-बारीक अक्षर होडीवर लिहिलं की बारीक रेघ खारं पाणी एका हंगामात खातं. एका जाडीचं अक्षर टिकतं. लांबून दिसतं. आपल्या बाया वाचायला शिकल्या नाहीत, पण किनाऱ्यावरून त्या झुकावावरून सांगायच्या, आमची होडी इली.

दाजीनू, तुम्ही समोर बसलात. तुमच्याच होडीवर ते पहिल्यांदा लिहिलं. उजव्या अंगाने बघितलं तर अक्षर नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे झुकलेलं, होडी आता पाणी कापणार असं वाटावं. मग तुम्ही डाव्या अंगाला गेलात. तिथे नाळ डावीकडे, आणि अक्षर उजवीकडेच कललेलं. तुम्ही ओरडलात, "मेस्त्री, ह्या अंगान होडी पुढे जाता नि त्या अंगान मागे! माझी होडी काय कुर्ली आसा, आडवी-उलटी चालूक?"

सगळे हसले. मेस्त्री हसले नाहीत. डाव्या अंगाचं नाव त्यांनी तिथेच खरवडून काढलं.

आणि मग बसले. डावीकडे झुकणारं दुसरं अक्षर काढत बसले. मला वाटलं, नुसतं उलटं कललं की झालं. तसं केलं की अक्षर पडल्यासारखं दिसतं. वेलांटी शेजारच्यावर आपटते, 'क'चं पोट दबतं. एकेक अक्षर नव्याने उभं करावं लागलं. किती वर्षं गेली, त्यांच्या बायकोला, ह्या मारीमावशीला विचारा. तिचं जेवण किती वेळा थंड झालं, तेही विचारा.

दोन्ही अंगांची अक्षरं त्यांनी शिडाच्या कापडावर काढली. ती गुंडाळी घेऊन मी बोटीने मुंबईला गेलो, खिळे ओतणाऱ्या एका कारखान्यात. तिथल्या साहेबांनी उजवीकडची अक्षरं बरी म्हटली, पण गिऱ्हाईक नाही म्हणाले. डावीकडची बघितली आणि विचारलं, "हे असं कोण वाचणार?" मी म्हटलं, "डाव्या बाजूला उभे असतील ते." खोलीभर हशा.

परत येऊन मी सगळं सांगितलं. मेस्त्रींनी गुंडाळीचं कापड बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "बरा झाला. शिसा पाण्यात बुडता." आणि ती गुंडाळी दाजींना दिली. "कापड घट आसा. शिडाक ठिगळ लाव."

दाजींनी लावलं. दाजीनू, तुमचा दोष नाही. त्यांनीच दिलं. ऊन-खाऱ्याने ते ठिगळही गेलं.

म्हणजे आता काय उरलं? झावळ्यांखाली ओढून ठेवलेल्या होड्यांवर त्यांनी दोन्ही अंगांना लिहिलेली नावं, तेवढंच. काल मी त्यांच्यावर कागद धरून अक्षरं उतरवायला बसलो. हाताला जमत नाही. आणि 'ढ' कुठेच नाही. 'ठ' नाही. होडीच्या नावात कोण घालतो 'ढ'? ती अक्षरं फक्त कापडावर होती. ती गेली. आणि जी आहेत, ती नारळी पौर्णिमेच्या आधी तुम्ही खरवडणार, नवा रंग लावणार. लावायलाच हवा, नाहीतर लाकूड कुजेल. तारकर्लीच्या एका होडीचं काम तर झालंसुद्धा. नवीन रंगाऱ्याने दोन्ही अंगांना एकसारखं लिहिलंय. डाव्या अंगाने ती होडी मागे चाललीय. कोणी ओरडलं का?

मारीमावशी म्हणाली, "बाबू, क्रुसावर नाव तूच लिही." ब्रश घेऊन मी सकाळपासून तिथे बसलो होतो. मेस्त्रींनी शिकवलेलं एकच कळतं मला, अक्षर नाळेकडे झुकायला हवं. पण क्रुसाक नाळ खंय? हा माणूस आता कुठल्या बाजूला निघालाय?

मावशी, माका कळूक नाय. क्रूस कोरोच आसा.

मंडळीनू, आता उठूया. पडवीच्या डाव्या अंगाला येऊन उभे राहा. तिथून होड्यांचं डावं अंग दिसतं. रंग लागायच्या आधी एकदा बघून घेऊया.