खऱ्या हेराची खूण

पासष्टच्या लढाईचे दिवस, आणि मी रेल्वेच्या भर डब्यात हेरांवर वाद घातला. याहून मोठा गाढवपणा असतो का, सांगा! सुरतेला हेराच्या पिक्चरचा तिसरा भाग पाहून मी आणि माझा दोस्त रशीदभाई नंदुरबारला परतत होतो. पहिल्या भागात जिवाला भिणारा हेर आता कोट घालून विमानातून उड्या मारत होता. रशीदभाई खूश, मी चिडलेला.

"खरा हेर असा नसतो," मी म्हणालो. "मळका सदरा, हातात पिशवी, अन् गुपचूप रेल्वेचे पूल बघत जातो."

डब्यातल्या माना माझ्याकडे वळल्या. समोरच्या म्हाताऱ्याने माझा मळका सदरा पाहिला, मग हातातली पिशवी.

"तुले इतलं कसं माहीत रे?"

"काका, मी नंदुरबारचाच..."

"धरा याले!"

नवापूर स्टेशनावर लोकांनी मला खाली ओढलं. "मन्हा दोस्त शे!" रशीदभाई ओरडला, तर त्यालाही धरलं. कुणीतरी काठी उगारली.

तेवढ्यात हवालदार आला. माझे लटपटते पाय पाहून हसला.

"हाऊ हेर? हेर इमानमाईन उडी मारस! हाऊ तं उभा बी ऱ्हाई नही ऱ्हायना. काय रे, बरोबर शे ना?"

"विमानातूनच, साहेब," मी हात जोडले. "अन् खाली टेकल्यावर कोटाची घडीसुद्धा मोडत नाही!"