चित्रं नसलेली माला

—नाही चाचा, ते वरचं नको, ते 'उडतं गलबत' ना, दारातूनच दिसलं मला, निळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी शीड आहे ते — ते राहू दे. खालच्या फळीवर शंखपाणींची दुसरी माला होती, करड्या कापडात बांधलेली, चारच भाग, 'मीठराणी'. तीच. कोणी नेत नाही म्हणून तुम्हीच हसत होता एकदा. काढा ना. धूळ असेल तर असू दे, मी पदराने पुसते. हो, मला ठाऊक आहे, गलबत जास्त रंगतं, नऊ भाग आहेत, नऊ भाग म्हणजे पावसाळा सरेपर्यंत काळजी नाही, आणि तुमची गुलबानू तर त्याच्यापायी वेडी झालेली — कुठंय ती आज? रोज तर इथे सुपारीच्या गोणीवर बसलेली असते पाय हलवत. ताप? तीन दिवस? बरं. शिमगा झाला की हवा बदलते, येतोच पोरांना ताप. गवती चहाचा काढा द्या, उतरेल. — तर काय म्हणत होते मी. मीठराणी.

त्यात चित्रं किती आहेत, बघता का जरा? एकही नाही? नक्की? शेवटचं पान उघडा बघू, शंखपाणींना शेवटी नकाशा घालायची खोड आहे — नाही ना? मग ठीक. असे बघू नका माझ्याकडे. दिवाळीत मीच भांडले होते तुमच्याशी, आठवतंय मला, 'काचेच्या बेटा'च्या तिसऱ्या भागातलं घोड्याचं चित्र कोणीतरी फाडून नेलं म्हणून. अख्ख्या बोर्लीला ऐकू गेलं असेल. पण ते कोकीसाठी हो. आमच्या मायलेकींची वाटणीच तशी होती — वाचायचं मी, बघायचं तिने. मी अजून राजपुत्राला विहिरीत उतरवतेय तोवर ही पुढची पानं उलटून, चित्रावरचा तो पातळ कागद उचलून बघून घ्यायची आणि म्हणायची, आई, मरत नाही गं तो, पुढे जेवतोय. सात वर्षांची पोर. घोड्याचं पान नव्हतं तर तिने घरच्या भिंतीवर कोळशाने घोडा काढला. सासूबाईंनी फटका दिला, पण पुसला नाही कोणी. अजून आहे. काल मी त्याच्यासमोरच बसले होते बराच वेळ.

शंखपाणी म्हणजे कोण असतील हो? ह्यांनी मुंबईला विचारलं, गोदीत एक कारकून आहे वाचणारा, तो म्हणाला कोणी पोस्टमास्तर आहेत म्हणे. मला नाही वाटत. मला वाटतं बाईमाणूस असेल. कारण बघा — बेटावरची राणी रागावली की भांडी घासायला बसते. पुरुषाला सुचेल का हे? आणि प्रत्येक भाग संपवायचा तो कुणालातरी कड्यावर लोंबकळत ठेवूनच! पाचव्या भागाच्या शेवटी त्या म्हाताऱ्या नावाड्याचा हात सुटला तर कोकी दोन दिवस मला म्हणत होती, आत्ताच्या आत्ता चाचांकडे जा. मी भाकऱ्या टाकून आले होते, पीठ हाताला तसंच. तुम्ही म्हणालात, सहावा भाग बाहेर गेलाय. कोणी नेला होता? गुलबानूने! मग ती आली तुमच्या मागून, उशीखाली लपवलेला घेऊन. म्हणाली, कोकीला सांग, पन्नासाव्या पानापर्यंत भ्यायचं नाही. भारी आहे तुमची नात.

दोघींचं पहिल्यापासूनच मेतकूट. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली — दोन वर्षांच्या होत्या ना दोघी? त्या साली खाकी कपड्यातलं कोणीही दिसलं की दारं लागायची आपल्या आळीत. तुम्हीच हाळी दिली होती वखारीतून, सरकारी माणूस आलाय, पोरं आत घ्या! गुलबानू आमच्याच अंगणात खेळत होती. मी काय करणार, उचलल्या दोघी आणि टाकल्या भाताच्या कणगीत, वर सूप झाकलं. तो बिचारा दारात उभा, बगलेत पेटी, म्हणतोय, बाई, मी पोलीस नाही, मी देवी टोचायला आलोय, सुई आहे फक्त. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे पोरंच नाहीत. आणि कणगीतून एक शिंकतेय, मग दुसरी शिंकतेय! तो हसला आणि गेला पुढे. सबंध आळीने त्याला असाच पुढे घालवला. बाहेर काढल्या तेव्हा दोघींच्या केसांत तूस. किती हसलो होतो आपण. तुम्ही पाव पाठवलात संध्याकाळी, कणगीतल्या कैद्यांना म्हणून.

कोकी? घरीच आहे. नाही, आजारी नाही. — आता नाही. माघात भावाच्या लग्नाला माणगावला गेलो होतो, तिथेच राहिलो जरा जास्त, महिना झाला. मग आलो. सोळा दिवस झाले येऊन. अंधार पडल्यावर आलो, गाडीला पडदा होता, म्हणून दिसलो नसू कोणाला. बाहेर पाठवत नाही मी तिला. ऊन आहे. — ऊन आहे म्हणून नाही. काय सांगू, सासूबाईंनी सांगितलंय तोंड उघडायचं नाही, आणि तुमची ती पाटी आहे ना भिंतीवर, तुमच्याच अक्षरातली, 'ज्या घरी सांसर्गिक रोग असेल तेथे पुस्तक दिले जाणार नाही' — सातवीपर्यंत शिकलेय मी, सांसर्गिक म्हणजे काय ते कळतं मला. पण 'असेल' लिहिलंय तुम्ही. 'होता' नाही लिहिलं. आता काही नाहीये तिला. खपल्या पडल्या, दोन न्हाणी झाली, वरणभात खाते. फक्त दिसत नाही.

ते पुस्तक बाजूला ओढू नका ना चाचा. आधी ऐका. दिसत नाही म्हणजे दोन्ही डोळ्यांनी नाही. तिला अजून सांगितलेलं नाही कोणी. ती भरदुपारी विचारते, आई, तू दिवा का लावत नाहीस? मी म्हणते, रॉकेल संपलंय बाळा. पंधरा दिवस मी म्हणतेय रॉकेल संपलंय. ती म्हणते, बाबांना पत्र घाल, मुंबईहून डबा पाठव म्हणावं. ह्यांना मी लिहिलंय, कोकी बरी आहे, जेवते. खोटं काहीच नाही त्यात. मला रडू येत नाही चाचा, तुम्ही पाणी वगैरे आणू नका, मला काहीच होत नाही. सकाळी उठते, चूल पेटवते, तिची वेणी घालते. तिचे केस विरळ झालेत. म्हणून मी नवीन पुस्तक बघायला आले. अंधारात वाचशील कसं, हे विचारायचं तिला अजून सुचलेलं नाही. पण चित्राचं पुस्तक नेलं तर ती बोटाने तो पातळ कागद चाचपणार, उचलणार, आणि विचारणार, आई, कशाचं आहे? आणि मग मी सांगणार. आणि एक दिवस ती म्हणेल, रॉकेल नाही तर तुला कसं दिसलं? — चित्रंच नसली की झालं. त्या पुस्तकापुढे आम्ही दोघी सारख्याच. मीठराणीला आवाज आणि वासच जास्त आहेत ना? तुम्हीच म्हणाला होता, कंटाळवाणी आहे, पानंच्या पानं नुसता वारा वाहतोय. वाहू दे. मला तेच पाहिजे.

पाटीचं मला सांगू नका. मी पुस्तकाला काही होऊ देत नाही. माणगावला बघा ना — 'काचेच्या बेटा'चा सातवा भाग माझ्याबरोबरच होता तिकडे, लग्नाच्या घरात वाचू म्हणून नेलेला. अंगावर देवी आल्या की पोर मागेल ते द्यायचं, पोर मागत नसते, देवी मागते तिच्या तोंडून. आणि ती काय मागते? दही नको, नारळाचं पाणी नको — सातवा भाग. माझ्या आईने हात जोडले, म्हणाली, वाच बाई, देवीला ऐकायचंय. वाचला. सबंध वाचला, तीनदा. तापात ती पुस्तक सोडेना, छातीशी धरून झोपायची. डोळे चिकटले होते तेव्हा, उघडतील असं वाटत होतं, म्हणून चित्रांची पानं मी कडुनिंबाच्या डहाळ्या घालून ठेवली, बरी झाली की पटकन सापडावीत. शेवटचं तेवढं चित्र तिने पाहिलंच नाही. बेट फुटतं ते.

मग देवीच्या बोळवणीच्या दिवशी कोकीच्या अंगाला लागलेलं जे जे होतं ते सगळं नदीत सोडलं. गोधडी, परकर, उशी, तिची लाकडी बाहुली — बाहुलीसाठी फार ओरडली ती. माझी आई म्हणाली, पुस्तकही सोड. मी म्हटलं, ते कसं सोडू, ते आपलं नाही, त्याच्यावर चाचांचा शिक्का आहे, तारीख आहे, परत मिळालं नाही तर ते आम्हाला पुन्हा पुस्तक देतील का? एवढी वर्षं एक पान मी मुडपलेलं नाही. म्हणून नाही सोडलं. ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं, खपलीबिपली अडकलेली पानांतली झटकली, आणि इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कामाच्या ठमीबरोबर पाठवून दिलं तुम्हाला. मिळालं ना? पोचल्याचं ठमीने सांगितलं मला. ती म्हणाली, चाचा नमाजाला गेले होते, गुलबानूनेच दारात घेतलं. उड्या मारत होती म्हणे.

त्या फळीवर जागा मोकळी दिसतेय, सहाव्याच्या शेजारची. सातवा कुठंय? बाहेर गेलाय का? कोणी ने—

चाचा.

ताप तीन दिवस म्हणालात ना तुम्ही. नुसता तापच आहे ना? पाठ दुखते म्हणते? कपाळावर काही — नाही, सांगू नका मला. तुम्ही उभे का राहिलात. चाचा, मला शिव्या द्या. त्या दिवशी मी कणगीतून काढून तिला त्या टोचणाऱ्याच्या पुढ्यात धरलं असतं — सुईच होती हो त्याच्याकडे.

घ्या. ही मीठराणी घ्या, मी बांधते कापडात पुन्हा, गाठ तशीच होती ना? खालच्या फळीवर ठेवते. तुम्ही जा. वखार राहू दे उघडी, मी इथे बसते तुम्ही येईपर्यंत, कोणी आलं तर सांगेन आज पुस्तकं नाहीत. घरी कोकीजवळ सासूबाई आहेत. जा ना चाचा, चपला राहू दे.

आणि ऐका — त्या पानांतला निंबाचा पाला तिने उशाशी ठेवला असेल, तर काढू नका. असू दे तिथेच.